पाणी नसलेला स्फटिक

३ मार्च
लॅबच्या शीतखोलीत पुन्हा कुणाचं तरी अर्धं सँडविच. शी! आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मनातल्या मनात मी तिला गबाळी म्हणतो, तिच्या ट्रेमध्ये तपकिरी लगदा. म्हणे, सर, स्फटिक येतोय. प्रोटीनचा स्फटिक कसा लख्ख हवा! ट्रे घासून उपडा घातला. झाकणावर ‘हात लावू नका’ लिहिलं होतं, तेही पुसलं.
संकल्प: यंदा या प्रोटीनची रचना छापायचीच. नाहीतर जूनमध्ये लॅब दुसऱ्याच्या घशात.

११ मार्च
स्फटिक नाही. पण प्रोटीनचा आकार कसा असणार, हे मला आधीपासूनच ठाऊक आहे. त्यावरून, स्फटिकावर क्ष-किरण टाकून जे आकडे मिळाले असते, ते कॉम्प्युटरकडून काढून घेतले. याला बनवाबनवी म्हणत नाहीत, वेळ वाचवणं म्हणतात. आकडे इतके सुबक की डोळे निवले.

२ एप्रिल
पेपर पाठवला. गबाळीने विचारलं, स्फटिक कधी आला? म्हटलं, तू रजेवर होतीस तेव्हा. ती रजा घेतच नाही. घाणेरडी सवय.

२० एप्रिल
जर्नलच्या तपासनीस बाईंची ईमेल. प्रोटीनच्या स्फटिकात निम्मं पाणीच असतं, तुमच्या आकड्यांत त्याचा मागमूस नाही. शिवाय तुमच्या रेणूंचे थर एकमेकांना टेकतच नाहीत, मग स्फटिक उभा कशावर? काय भोचक बाई! उत्तर दिलं: स्फटिक अतिशय स्वच्छ होता.
जेवताना बायकोला सांगितलं. म्हणाली, वापरातल्या कंगव्यात चार केस निघतातच, तुझा दुकानातला दिसतोय. ताटात कंगव्याचा विषय! जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल
आकड्यांत थोडी घाण मिसळायला बसलो. एकेक बिघडवायचा, मग राहवायचं नाही, परत नीट करायचा. संध्याकाळी सगळे होते तसेच.

५ मे
बैठक. संचालक, गबाळी, स्क्रीनवर तपासनीस बाई. त्यांनी एकच मागितलं, स्फटिकाचा फोटो. म्हटलं, काढायचा राहिला. गबाळी हळूच म्हणाली, माझ्याकडे आहे. फोनवर मार्चमधला तो लगदा. मधोमध टोकदार, मळकट, खराखुरा स्फटिक. सर, तुम्ही धुतलात तो हाच, म्हणाली. मी पुन्हा वाढवलाय, डेटाही घेतलाय.
बाई हरखल्या. किती छान गचाळ आहे, म्हणाल्या! प्रोटीनचा आकार मी धरला होता तसा मुळात नव्हताच.
या खेपेला किळस नक्की कुणाची आली, ते लिहीत नाही.

६ मे
पेपर मागे घेतला. लॅब गेली, जूनची वाटसुद्धा पाहिली नाही. गबाळीला दुसरे गाइड मिळाले.
टेबल पाच मिनिटांत रिकामं झालं. टापटिपीचा हा फायदा. निघताना शीतखोलीत डोकावलो. गबाळीच्या ट्रेवर नवी चिठ्ठी: ‘सरांनी हात लावू नये.’
चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. नीट चिकटवून आलो.