बुबुळाची शेड

अप्पा, तुमच्या लेकीने डावा डोळा नवा बसवून घेतला, आणि तोही रंगावरून भांडून. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या कपाळावर नागीण उठली, पापणीत उतरली आणि बुबुळ नासवून गेली. डोळा काढावा लागला. मिलमध्ये तुमच्याच टेबलावर मी कापडाच्या शेड जुळवायचे, ते काम सुटलं. शेठ म्हणाले, "बेन, एक आंखे रंग केम जोशो?" डिंडोलीच्या घरात काळा चष्मा लावून वर्षभर बसले आणि एका डोळ्याने रंग जोखता येत नाही, हे मलाही पटायला लागलं.

आठवतं, अप्पा? मी सतरा वर्षांची आहे, मिलमध्ये येऊन महिना झालाय. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आपण रंगवलेला तुकडा ट्यूबलाइटखाली धरून मी "जुळलं" म्हणते. तुम्ही सगळ्यांदेखत तुकडा हिसकावता. "बत्तीमा रंग देखस का? दारमा जाय!" दारातल्या उन्हात आपला मोरपंखी सरळ निळा दिसतो. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

गेल्या आठवड्यात डोळे बनवणाऱ्या भाईंनी खोबणीचं माप घेऊन झाल्यावर बारीक ब्रशने बुबुळ रंगवलं, माझ्या उजव्या डोळ्याशेजारी धरलं आणि आरसा दिला. "एकदम मॅच, बेन." मलाही बरं वाटलं. मग वर पाहिलं तर ट्यूब! मी उठले. "भाई, दरवाजे में चलो." ते वैतागले, "बीस साल से यही बनाता हूँ." म्हटलं, मीही वीस वर्षं रंगच पाहिलेत. दारात आलो आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. माझं बुबुळ तपकिरी, कडेला तुमच्यासारखी हिरवट झाक. त्यांचं नुसतं काळपट. मग मी सांगत गेले, पिवळा थोडा, अजून, बस्स. तीनदा दारात आलो. चौथ्यांदा ते स्वतःच आधी उठले.

सोमवारी तो डोळा बसवून, चष्मा घरी ठेवून मिलमध्ये गेले. शेठनी दोन गुलाबी तुकडे पुढे टाकले. मी ते दारात नेले. "आपला लालकडे झुकलाय," म्हणाले. शेठ मागोमाग आले, बराच वेळ पाहत राहिले. "बरोबर छे. टेबल तमारुं." जिंकले, अप्पा! दुपारी पॅकिंगवालीने हळूच विचारलं, यातला खोटा कोणता? मी सांगितलंच नाही.

हा कागद नमुन्यांच्या वहीत घडी घालून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? एक मात्र आपल्या माणसांत कुणालाच ठाऊक नाही. डोळा गेला म्हणून सगळे अजून डॉक्टरांनाच बोल लावतात, आणि मी लावू देते. नागीण उठली त्या पहिल्या दिवसापासून आई फोनवर दवाखान्यात जा म्हणत होती. मी "जाऊन आले" म्हणाले, आणि आठ दिवस गेरू लावून एकटीच घरी बसले, कारण तिच्या पाठीवरची नागीण तुम्ही गेरूनेच उतरवली होती.