मानाच्या फेट्याची चुंबळ

आये,

काल जत्रेच्या मैदानात मी मानाचा फेटा हरलेल्या पैलवानाला बांधला, आणि तेव्हापासून गावात माझी अक्कल निघते आहे. अकरा वर्षं मी इथला पंच आहे. या अकरा वर्षांत माझ्या निकालावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्याचं मला जरा जास्तच कौतुक होतं. आज सकाळी पाव आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "सर, पुढच्या साली मैदानात उतरलाच न्हाय त्याला फेटा काय?" मी हसलो. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मला आताशा पटकन काही वाटत नाही. तू असताना तरी कुठे वाटत होतं म्हणा, तीच तर तुझी तक्रार होती. शाळा सुटल्यावर खेळाच्या तासाची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहायला बसलो. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. मधल्या काळात सांगण्यासारखं बरंच घडलं, माझं लग्न झालं, आपली होडी विकली, घरावर स्लॅब टाकला, पण त्यातलं काही तुलाच सांगायला हवं असं नव्हतं. कालचं आहे.

यंदा जत्रा कमिटीनं एक छापील कागद काढला. प्रत्येक पैलवानापुढे दोन रकाने, एक डावपेचाचा आणि एक करमणुकीचा, दोन्हींना दहा-दहा गुण. कुस्त्या आता लोकांच्या मोबाईलवर जातात, तेव्हा बघणाऱ्याला मजा आली पाहिजे, असं कमिटीच्या सेक्रेटरीचं म्हणणं. दोन्ही रकान्यांची बेरीज करून दिवसाचा उत्कृष्ट पैलवान पंचानं ठरवायचा आणि त्याला मानाचा फेटा बांधायचा. तो कागद हातात घेतला आणि मला पहिल्यांदा तू आठवलीस. त्यातला दुसरा रकाना तुझा होता. निदान मी आयुष्यभर तसं समजत आलो.

तेव्हाची कुठलीही दुपार घे, तीन वाजलेत. तू रेवदंड्याच्या बाजारातून आली आहेस, पाटी पडवीत उपडी घातली आहेस, हात दोनदा धुऊनही म्हावऱ्याचा वास गेलेला नाही. तांदळाच्या पिंपाला पाठ टेकून, पाय लांब सोडून तू जेवायला बसतेस. भाकरी, सुके बोंबील, कांदा. आणि समोर टीव्हीवर त्या परदेशी कुस्त्या लागलेल्या, रंगीत चड्ड्या, दोऱ्यांचं रिंगण, आरडाओरडा. मी तालमीतून येतो, अंगाला माती, विशीतला, गर्वानं फुगलेला. "आये, सगळं खोटं असतं ते," मी सांगतो. तू घास न थांबवता म्हणतेस, "मना म्हाईत हाय. दशावतारातला रावन काय खरा असतो? तरी त्यो नीट मेला पायजे." तुझा लाडका पैलवान कोण, तर एक टकला, पोट सुटलेला, निळ्या चड्डीतला, जो दर आठवड्याला हरायचा. त्याचं नाव तुलाही माहीत नव्हतं. तू त्याला टकल्याच म्हणायचीस, आणि तो हरला की समाधानानं ताटातला शेवटचा तुकडा तोंडात टाकायचीस.

एकदा मी चिडून विचारलं होतं की त्या टकल्यात तुला दिसतं तरी काय. तू मला जवळ बसवलंस आणि बोटानं दाखवलंस. तो राक्षसासारखा गडी टकल्याला डोक्यावर उचलत होता आणि लोक वेडे झाले होते. "नीट बग," तू म्हणालीस, "त्यो उचलत न्हाय, ह्यो चढतो. पाटी भरली की माज्या डोक्यावर कोन चढवतो? मी एकटी? समोरची हात देते तवा चढते. आन लोक म्हनतात, बाई काय दमाची हाय." मग पडताना टकल्यानं आधी तळहात कसा आपटला, हनुवटी छातीशी कशी घेतली, आणि वर पडणाऱ्याच्या कमरेला हात देऊन त्यालाही कसं अलगद खाली आणलं, ते तू दाखवलंस. "ह्यो पडतो म्हनून त्यो मोठा दिसतो. आन कोनाला लागत न्हाय. तुला जमंल?" मी म्हणालो, मला पडायचं नाही, पाडायचं आहे. तू म्हणालीस, "गाढवाला गुलाची चव काय," आणि ताट घेऊन उठलीस.

मी पाडायचोच. पण कसा, ते तुला ठाऊक आहे. माझी कुस्ती म्हणजे समोरच्याला खाली घ्यायचं, पाठीवर बसायचं आणि दम संपेपर्यंत बसूनच राहायचं. वीस मिनिटं, तीस मिनिटं. तो हलला की मी दाबणार, तो थकला की मी उलटवणार. धोका नाही, चूक नाही. वस्ताद म्हणायचे, याला हरवणं म्हणजे घराच्या जोत्याला हरवणं. मला ते कौतुक वाटे. जत्रेत माझी मोठी कुस्ती ठरली तेव्हा तू बाजार बुडवून आलीस, बायकांच्या बाजूला पुढे बसलीस, नवं लुगडं नेसून. मी पेणच्या एका गड्याला खाली घेतला आणि त्याच्यावर बसलो. खालूबाजावाले वाजवून वाजवून थांबले. लोक "सोडवा, सोडवा" करू लागले. साधारण चाळीस मिनिटांनी मी त्याला चित केला आणि मान वर करून तुझ्या जागेकडे पाहिलं. तिथे दुसरीच बाई बसली होती.

घरी आलो तेव्हा तू चुलीशी होतीस. डोक्याला मानाचा फेटा होता, तो मी मुद्दाम सोडला नव्हता. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "जिकलास. बरा झाला." मी विचारलं, मधेच का उठलीस. तू चुलीत लाकूड सारलंस. मग म्हणालीस, "बगवत नव्हता रे. त्याला तोंडात माती जात व्हती. तू जराक उठून त्याला एक डाव करू दिला असतास तर तुजा काय गेला असता? तू कोनाला कायच देत न्हाईस." मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण तुझ्याशी बोललो नाही.

त्यानंतर आठवडाभरानं मी रेवदंड्याच्या बाजारात गेलो आणि तुला येताना पाहिलं. डोक्यावर भरली पाटी आणि पाटीखाली चुंबळ. चुंबळ गुलाबी होती, जरीच्या काठाची. माझा फेटा तू पिळून, वेटोळं करून पाटीखाली घातला होतास. बर्फाचं पाणी गळून त्याच्या काठावर डाग पडले होते. माझ्याबरोबर तालमीतले दोघं होते आणि त्यांनी ते पाहिलं, पाहून न पाहिल्यासारखं केलं, ते जास्त लागलं. मी तुझ्यापुढे जाऊन उभा राहिलो. तू हसलीस आणि म्हणालीस, "फेटा डोक्यावरच घालतात ना? पेटीत ठेवून काय करू त्याचा?" आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, तू चारचौघांत माझी पाठ मातीला लावलीस.

मी सरळ घरी आलो. घरात कोणी नव्हतं. केबलची वायर सुपारीच्या झाडावरून खिडकीत येत होती. काही शोधत बसलो नाही, तुझीच मोरली उचलली, म्हावरं कापायची विळी, आणि खिडकीत उभं राहून वायर कापली. दोन घाव लागले. आतली तार धारेत अडकली आणि मोरलीला दाता पडला. वायरचं टोक मी ओढून अंगणात टाकलं. तू आलीस, भाकरी घेऊन बसलीस, टीव्ही लावलास, पडद्यावर मुंग्या. मी म्हणालो, "वाऱ्यानं वायर तुटली वाटतं." तू अंगणात गेलीस, ते टोक हातात घेऊन पाहिलंस, खाली ठेवलंस. "व्हय," म्हणालीस, "वारा लय सुटला व्हता." संध्याकाळी मोरली घेऊन धार लावायला गेलीस. केबलवाल्याला बोलावू या, असं तू परत कधीच म्हणाली नाहीस. दुपारी तशीच पिंपाला टेकून जेवायचीस, समोर बंद टीव्ही. मला वाटायचं, आपण जिंकलो.

तू गेलीस तेव्हा अलिबागच्या दवाखान्यातून मी तुला घरी आणलं. सगळं केलं, रीतीनं केलं. रडलो नाही. लोक म्हणाले, पैलवान आहे, घट्ट आहे. खरं सांगायचं तर आत काही हललंच नाही, आणि हलत नाही याचीही फारशी काळजी वाटली नाही. पाटीबरोबर ती चुंबळही निघाली. तोवर तिचा रंग गेला होता, जरीचा काठ विरला होता, पण तू ती सोडली नव्हतीस. इतकी वर्षं, रोज, डोक्यावर. मी ती जाळायच्या कपड्यांत टाकली.

आता कालचं. शेवटची कुस्ती होती. एकीकडे विशीतला पोर, ताकदीचा, चांगला घडवलेला. दुसरीकडे तळा गावचा एक ट्रकवाला, चाळिशीला आलेला, पोट किंचित सुटलेलं. हा मैदानात आला तोच शड्डू ठोकत, बायकांच्या बाजूला नमस्कार करत, खालूबाजाच्या तालावर दोन पावलं नाचत. मी मनात म्हटलं, हा दुसऱ्या रकान्यातला. पण कुस्ती लागल्यावर कळलं की गडी पक्का आहे. तो पोराला डाव करू देत होता, पूर्ण करू देत होता, आणि शेवटच्या क्षणी सुटत होता. पोर प्रत्येक वेळी आधीपेक्षा बरं लढत होतं. लोक उभे राहिले होते. मग ट्रकवाल्यानं त्याला खाली घेतलं, मागून पकड घातली आणि उलटवायला सुरुवात केली. आता एक रेटा, की चित.

मी दोन हातांच्या अंतरावर होतो, म्हणून मला दिसलं. पोराची मान त्याच्याच छातीखाली दुमडली होती आणि वर या गड्याचं सगळं वजन. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी ती वाजवायच्या आत ट्रकवाल्यानं अंग उचललं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत, तेवढंच. पोराची मान सुटली, पोर सुटलं, उठलं, आणि वळून त्यानं ट्रकवाल्याला धोबीपछाड घातली. तो हवेतून आला. आधी तळहात आपटला. हनुवटी छातीशी होती. आणि एक हात, आये, वर पडणाऱ्या पोराच्या कमरेला होता.

मी पोराचा हात वर केला, ती कुस्ती त्याचीच होती. मग तो छापील कागद घेऊन बसलो. करमणुकीच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, कारण जे दिसलं होतं ते पहिल्या रकान्यातलं होतं. तिथे ट्रकवाल्याला दहापैकी दहा दिले. दिवसभरात मी कोणाला दहा दिले नव्हते. सेक्रेटरी धावत आला. "सर, हरलेल्याला फेटा? लोकांना मजा आली म्हनून?" मी म्हणालो, मजेसाठी नाही, कुस्तीसाठी. तो म्हणाला, "मंग जिकलेला काय लगोरी खेलत व्हता?" मी फेटा घेऊन उठलो. फेटा बांधताना मी ट्रकवाल्याला हळूच विचारलं, पकड का सोडलीस. त्यानं चमकून पाहिलं. "दिसलं व्हय तुमाला? पोराची मान अडकली होती. मोडली असती, मंग?" एवढं बोलून तो फेट्यासकट गाडीकडे गेला, पहाटे त्याला माल भरायचा होता.

रात्री जेवताना मला पेणच्या त्या गड्याचं तोंड आठवलं. माती जात होती, तू म्हणाली होतीस. मला दिसलं नव्हतं, मी वर बसलो होतो. आणि मग मोरली आठवली. म्हावरं कापण्यात जन्म गेलेल्या बाईला कापलेली वायर आणि तुटलेली वायर यातला फरक कळत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. धारेचा दाता तू बोटानं चाचपून पाहिला असशील. दिवसभर तू उघड्या बाजारात होतीस, वारा होता की नव्हता ते माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. तुला एका शब्दात मला चित करता आलं असतं. तू अंग उचललंस.

हे कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढा मी अजूनही तयार झालेलो नाही. म्हणून फक्त लिहितो. त्या दिवशी सुपारीचं पानसुद्धा हललं नव्हतं, आये. वायर मी कापली.