भोवत्याचे रीळ

मी, ईनिड थ्रेलफॉल (माहेरचेच नाव लावते), वय ७६, धंदा वन्यप्राण्यांचे चित्रण, राहणार हार्कर्स क्लफ, बोलंड, लँकशर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. राग मला कोणी भरवलेला नाही, तो माझा स्वतःचा आहे. डॉक्टरांच्या हिशेबाने हा वसंत माझा शेवटचा. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

१. निर्माते जेराल्ड पिम यांनी माझ्या चित्रपटांतून जे जे कापले, ते त्यांनाच द्यावे. जिवंत कबुतराची आतडी ओढणारा ससाणा, स्वतःच्या पिलाला टोचून टोचून बुडवणारा चांदवा पाणपक्षी, नराचे थोबाड फोडणारी सशाची मादी. "बाई, लोक चहा घेताना बघतात, रक्त नको," असे ते म्हणत आणि वर बासरीचे संगीत घालत. फिल्मचे सहा डबे आहेत. बासरी त्यांची त्यांनी आणावी.

२. कॅमेरे, दुर्बीण आणि लपणाची, म्हणजे पक्ष्यांपासून लपून बसायची, कनात माझी भाची टेस हिला. कनातीला उंदीर लागलेत, आधी झटकून घ्यावी.

३. राहते घर माझा धाकटा भाऊ क्लेम याला. जन्मभर त्याने मालकाचे शिकाररान राखले आणि शेवटी गुडघा पार निकामी झाल्यावर मालकाने त्याला नोकरीच्या घराबाहेर काढले. तो नाही म्हणाला तर घर टेसला, म्हणजे त्याच्या मुलीला.

४. "मे १९८७" लिहिलेले रीळ टेसला. न कापता, शेवटपर्यंत बघावे. त्यात काय आहे ते मी इथेच सांगते.

लपणात दोघांनी शिरायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे, म्हणजे पक्ष्याला वाटते लपण रिकामे झाले. पक्ष्याला मोजता येत नाही, हे मला लहानपणी क्लेमनेच शिकवले. त्या दिवशी मी आणि माझा दिवंगत नवरा विल्फ आत गेलो, विल्फ परत गेला. समोर भोवत्या या शिकारी पक्ष्याचे घरटे होते, मादी आणि चार पिले. भोवत्या मालकाचे रानकोंबडे खातो, म्हणून कायद्याने गुन्हा असूनही त्याचा काटा काढायचा मालकाचा हुकूम होता. क्लेमने दुरून फक्त विल्फला जाताना पाहिले.

त्याने पहिल्या गोळीत मादी पाडली. पिले बुटाखाली चिरडली, एकेक करून. माझा हात कॅमेऱ्यावरून हलला नाही, याची मला आजही शरम वाटते.

मग मी खुंट ठोकायची मोगरी घेऊन बाहेर आले.

"ईनी! तू आत होतीस?"

"होते. मोजता येत नाही का रे तुला?"

पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो खाली पडून ओरडत होता, "बस कर गं! हुकूम मोडला असता तर घर गेलं असतं, टेसला कुठे नेलं असतं?"

"आणि त्या मादीच्या पिलांना कुठे नेलंस?"

क्लेमने गावात सांगितले की दगडाच्या खाणीत पाय घसरला. तो लंगडतो तो त्या दिवसापासून. मी विल्फला सांगत राहिले की भावाचे घर वाचावे म्हणून पोलिसांना रीळ दाखवले नाही. ते खोटे आहे. लपणातला कॅमेरा चालूच राहिला होता. त्यात मी ~~सात~~ नऊ घाव घालते, आणि तिसऱ्यानंतर तो हातसुद्धा वर करत नाही. त्या रिळाच्या धाकापायी मी गप्प बसले, आणि पुढची कित्येक वर्षे भोवत्ये मरत राहिले.

५. अस्थी कुठेही टाका, फक्त त्या माळावर नको.

सहीपूर्वीची नोंद, माझ्या हातची: आज क्लेम टेससोबत आला. त्याने हे सगळे वाचले. कॅमेरा चालू होता हे त्याला आजच कळले. वाचून झाल्यावर तो साक्षीदाराच्या जागी सही करायला बसला. वकीलबाईंनी त्याला अडवले.

"क्लेम, ज्याला मिळकत मिळते त्यानंच साक्ष घातली, तर त्याचा हक्क जातो. घर हातचं जाईल तुमचं."

"ठाऊक आहे, बाई. पेन द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ईनी, सात नाहीत. नऊ. मी मोजत होतो."

दुरुस्ती मी केली आहे.

ठिकाण: हार्कर्स क्लफ. दिनांक: ११ एप्रिल २०१९

सही: ईनिड थ्रेलफॉल
साक्षीदार १: प्रूडन्स हॅल्सॉल, वकील
साक्षीदार २: क्लेमेंट थ्रेलफॉल, भाऊ