ब्लॅकआउटच्या चित्रांची वाटणी

मी, श्रीमती लीला श्रीपती नागवेकर, वय सत्त्याहत्तर, राहणार मांडवी, रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझं डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

१. मांडवीचं राहतं घर मुलगा सलिल आणि मुलगी निशिगंधा यांना निम्मं निम्मं. निशिगंधा तिथे राहते आहे तोवर सलिलने ते विकण्याची गोष्ट काढू नये. बँकेतल्या ठेवी दोघांत सारख्या. यावरून भांडण होणार नाही, दोघंही समजूतदार आहेत. भांडण होईल ते चित्रांवरून, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

२. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात युद्ध लागलं तेव्हा मी या घरात नवी होते. माझे यजमान कै. श्रीपती कोर्टात कारकून होते. त्यांना आमच्या आळीचे वॉर्डन नेमलं. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. दिवेलागणीला ते ‘दिवे मालवा’ करत फिरायचे आणि घरोघरी खिडक्यांना काळा कागद लागायचा. मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या होत्या, हे इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांना कळलं आणि त्यांनी युद्धाची चित्रं मागितली. मी रणगाडा कधी पाहिला नव्हता. तेव्हा दारात उभं राहून जे दिसत होतं तेच काढलं.

पहिल्या चित्रात यजमान पुनवेच्या चंद्राकडे बघून शिट्टी वाजवत होते. दुसऱ्यात मासेवाल्या हौसाला टोपलीतले बांगडे चमकतात म्हणून ते झाकायला लावत होते. पेपर हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, “माझं पोट एवढं सुटलंय?”

“शिट्टी वाजवताना सुटतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो पेपर तेच कोर्टात घेऊन गेले आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना दाखवून आले. अशा माणसाबरोबर पुढचा संसार सुखाचा झाला, याची इथे नोंद करते.

तिसरं चित्र सासूबाईंचं. देवापुढच्या निरंजनावर टोपली उपडी घालून त्या देवाला सांगतायत, ‘थोडे दिवस काळोखात बस रे बाबा.’ हे छापून आलं तेव्हा थोरले दीर काशीराम चिडले. “घरातल्या बायकांचं गावभर हसं चाललंय. आजपासून हे बंद,” म्हणाले. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, “तिला काढूदे. नाक मातर माझं जरा बारीक कर गो.”

३. धाकटे दीर दीपक तेव्हा नौदलात होते. लढाई चालू असतानाच आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी आली. दीपकभावोजींचं जहाज वेगळं होतं. पण सासूबाईंना जहाजांची नावं कुठली माहीत? त्यांच्या लेखी समुद्रात एकच जहाज होतं. भावोजींची खुशाली काही येईना. त्या पेजेवर राहिल्या. मी शाई-कुंचला माळ्यावर टाकला, आणि संपादकांचा माणूस आला त्याला परत पाठवलं.

संध्याकाळी सासूबाईंनी मला बोलावलं. “चित्र काढ,” म्हणाल्या. “दीपक आला की बघायला मागंल. काय दाखवू त्याला, माझं रडं?”

मी खंदकाचं चित्र काढायला घेतलं. आमच्या आळीत खंदक खणला होता, पण खाली कातळ लागल्याने तो गुडघाभरच झाला होता. त्यात सगळं कुटुंब माना खाली घालून बसलंय आणि वर छत्री धरली आहे, असं चित्र. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “हितं त्याला बसव.” मी तिथे नौदलाची टोपी घातलेले भावोजी काढले. त्या दिवशी सासूबाई भात जेवल्या.

जानेवारीत भावोजी सुखरूप घरी आले. चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, “वहिनी, तिकडे बसायला फुरसत नव्हती. इथे माझी जागा धरून ठेवलीत हे बरं केलंत.”

४. पुढच्या आंब्याच्या हंगामात काशीरामभावोजींनी माझी बरीचशी चित्रं पेट्यांच्या तळाला घालून मुंबईला पाठवली. कागद कमी पडला, एवढंच सांगितलं. चंद्राला शिट्टी मारणारे माझे यजमान कुणा व्यापाऱ्याकडे हापूसखाली दबून गेले. भावोजी आता नाहीत. त्यांचा मुलगा रितेश पावसची आमची आंब्याची बाग मनापासून राखतो, म्हणून बागेतला माझा हिस्सा त्याला. सोबत एक रिकामी पेटी, तळाला कोरा कागद घालून. त्याने कारण विचारलं तर हे कलम वाचून दाखवावं.

५. उरलेली चित्रं सलिलला गणपतीपुळ्याला मित्राच्या लॉजमध्ये लावायची आहेत, पर्यटकांना आवडतील म्हणून. निशिगंधाला ती कपाटात कुलूप घालून ठेवायची आहेत. दोन्ही नको. ती वाचनालयाला द्यावीत आणि पेपर वाचायच्या टेबलाजवळ, बसल्या माणसाला दिसतील अशी लावावीत. साप्ताहिकाने माझं नाव कधी छापलं नाही, ते खाली लिहावं. उद्घाटन, हार, भाषण काही करू नये. सासूबाईंचं चित्र मात्र नात वेदिकाला. तिला तेच नाक आलं आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशिगंधाने करावी.

७. या कागदाच्या कच्च्या मसुद्यात खंदकाचं चित्र मी दीपकभावोजींच्या नावे लिहिलं होतं. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला न राहिलेलं बरं. भावोजींनी पेन उघडलं. “मग माझं नाव काढा वहिनी,” म्हणाले, “मी सही करतो. तुम्ही शुद्धीवर होतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” त्यामुळे त्यांना काहीही ठेवलेलं नाही. खंदकाचं चित्रही वाचनालयात जाईल. ते रोज सकाळी तिथे पेपर वाचायला जातात.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

लीला श्रीपती नागवेकर

साक्षीदार:
१. दीपक विठोबा नागवेकर, निवृत्त नौसैनिक, मांडवी
२. डॉ. संस्कृती शेट्ये, रत्नागिरी

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५