आप्पांनी केलेली उडदाची डाळ

शहादा, चैत्रातला मंगळवार

आज डोकंच फिरलं. भाज्या महागल्यात, म्हणून दुपारी कैरी घालून पिठलं केलं. सासरे ताट बघून म्हणाले, "आज बी पिठलंच?" आठवड्यात तिसऱ्यांदा पिठलं, कबूल. पण मीच का रोज डोकं चालवायचं?

"आप्पा, मग तुम्हीच करा!"

ते खरंच उठले. उडदाची डाळ शिजवली, लसूण-मिरची ठेचून फोडणी दिली. चव थेट गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंच्या हातची!

"आईंकडून शिकलात?"

"तिले मीच शिकाडी."

मी वर्षभर पिठल्यावरून बोलणी खातेय, आणि आप्पा गप्प?

"सांगितलं का नाही?"

"माले कोनी इचारंच नही."

इतका राग आला, तरी डाळ दोनदा वाढून घेतली.