धाकटीचं काम

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! थिएटरच्या मागेच खोली मिळाली आहे. खिडकी उघडली की सेटची ठोकाठोक दिसते. नाटक इंग्रजीवरून आलेलं, अलीकडचंच. आई गेल्यावर दोघी बहिणी घर आवरतात आणि शेवटी थोरली धाकटीला इस्त्रीने मारते. मी धाकटी. थोरलीचं काम करणारीला सगळे ताई म्हणतात. तिने आल्याआल्या मला जवळ घेतलं. म्हणाली, रोज मारायचंय तुला, तर आधी थोडे लाड करून घेते. हसून हसून पुरेवाट झाली.

६ नोव्हेंबर
दिग्दर्शकांनी नाटकाचा प्रवास सांगितला. त्याच्या मायदेशात ते आठवडाभरात बंद पडलं. तिथे मार खोटा होता. परदेशातल्या पहिल्याच प्रयोगात थोरलीचा हात चुकून खरंच लागला आणि प्रेक्षक उभे राहिले. तेव्हापासून देशोदेशी हाऊसफुल. फक्त धाकट्या वरचेवर बदलाव्या लागतात. का, विचारलं तर म्हणाले, दमवणारं काम आहे. आमची इस्त्री बुचाची, वर चंदेरी रंग. तळहातावर झेलून पाहिली. पिसासारखी.

१४ नोव्हेंबर
तालमीत ओठ फुटला. बुचाच्या इस्त्रीने! दात हलतोय. ताई माझ्यापेक्षा जास्त रडली. हात आपला राहत नाही गं, म्हणाली. मग बाही वर करून स्वतःचं वाकडं कोपर दाखवलं. मागच्या देशातल्या प्रयोगांत ती धाकटी होती. पळून जा म्हणाली. पण एवढं काम मला पुन्हा कोण देणार?

२१ नोव्हेंबर
पहिला प्रयोग. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. आवाज आतून ऐकू आला. पडले तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले होते, अजून, अजून ओरडत होते. ताईने त्यांचं ऐकलं. पुन्हा मारलं. पुन्हा.

२५ नोव्हेंबर
ताईने दाराच्या फटीत उजवा हात घालून दार आपटलं. स्वतःहून. बोटं गेली.
दिग्दर्शक मला बघायला हॉस्पिटलात फुलं घेऊन आले. आता थोरली तू, म्हणाले. नाही म्हणणार होते. पण त्यांनी टाळ्यांचा विषय काढला, आणि मला त्या — अजून ऐकू येत होत्या.

११ डिसेंबर
नवी धाकटी आली. सगळं सांगितलं तिला. हसली. मी रोज उशी समोर ठेवून हात थांबवायचा सराव करते. थांबतो. थांबतो.

२० डिसेंबर
दुपारचा प्रयोग. हात थांबला होता, शपथ — मग सगळ्यांनी एकदम श्वास रोखला — इस्त्री जड झाली — पोरगी आई गं म्हणाली, नाटकात ते वाक्यच नाही —

मेकअपरूमला आतून कडी घातलीय. तिचं रक्त केसांत — धुतलं, जात नाही. टाळ्या थांबत नाहीत. दिग्दर्शक दार वाजवताहेत, लोक बोलावताहेत म्हणे. ती मेलीय, मी ओरडले. ठाऊक आहे, म्हणाले. प्रेक्षकांतली एक बाई स्टेजवर आलीय, पुढची धाकटी मी होईन म्हणतेय —

मी उठणार नाही. नाही उठणार. पण हात — कडीकडे — माझाच हा —