हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

कारंजा, मंगळवार, संध्याकाळ

पुण्याहून आलेल्या संशोधक बाईंबरोबर आज मुलींच्या बालगृहात गेलो. तिथल्या मुली सुखात आहेत का, हे त्यांना शोधायचंय. त्यांची मराठी मुलींना कळेना, म्हणून मी दुभाष्या. मराठीतून मराठीत! एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता.

कामरगावची रुखसार, असेल बारा-तेरा वर्षांची. समोर कार्ड, त्यावर एक हसरा चेहरा नि एक रडका. जेवण कसं? बोट हसऱ्यावर. झोप? हसऱ्यावर. घरची आठवण येते तेव्हा? तरी हसऱ्यावरच! बाई खूश. मला मात्र ते बोट खटकलं. इतकं सुख तर माझ्या घरातही नाही.

"काहून वं, रडका चेहरा दिसून नाही राह्यला काय तुले?" मी विचारलं.

"दिसते ना काका. पण त्याच्यावर बोट ठेवलं का दुसऱ्या जिल्ह्यात धाडतेत. माही लहानी बहीण इथंच हाये."

खरंच धाडतात? की मागे कुणाला हलवलं, त्याचा मुलींनी लावलेला हा अर्थ? विचारायला हवं. उद्याच.

तिचं म्हणणं मी बाईंना सांगितलं. त्यांनी कार्ड पालथं ठेवलं. हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस बाळा. आम्ही कुणाचंच नाव लिहीत नाही."

हे मी वऱ्हाडीत सांगायच्या आतच रुखसारचा चेहरा पडला; 'नाव लिहीत नाही' एवढं तिला कळलं होतं.

"नाव लिवा ना म्याडम. आमा दोघींचं लिवा, जवळजवळ. नाही तं आमी बहिणी हाव, हे कोणाले कसं समजन?"